जुन्या नॅरोबोटीचे घर करताना

नॅरोबोट ही इंग्लंड-वेल्समधल्या अरुंद कालव्यांवर चालणारी सपाट बुडाची, लांबोडकी बोट. तिची रुंदी ठरलेली असते: ६ फूट १० इंच, म्हणजे जेमतेम २.०८ मीटर. लांबी मात्र ३० फुटांपासून ७२ फुटांपर्यंत कितीही असू शकते. आपल्याकडचा रेल्वेचा डबा सव्वातीन मीटर रुंद असतो. नॅरोबोट त्याच्या दोन-तृतीयांशही भरत नाही. आतून इन्सुलेशन आणि लाकडी अस्तर बसले की मोकळी रुंदी सहा फुटांच्या आसपास उरते. एवढ्या बोळात स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची जागा, शेगडी, इंजिन आणि पाण्याची टाकी बसवून हजारो माणसे बाराही महिने राहतात. नवी बोट बांधून घेणे महाग पडते, म्हणून बरेच जण तीस-चाळीस वर्षांची जुनी बोट घेतात आणि ती आतून उकलून नव्याने उभी करतात. या कामात सुतारकाम डोळ्यांत भरते, पण बोट राहण्याजोगी होते ती कोरडी राहिली तरच. पाणी बाहेरून येते तसे ते आतही तयार होते, आणि नूतनीकरणातला जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन पाण्यांना कसे रोखायचे याच्याशी जोडलेला असतो.

बोटीची ही अरुंदी कालव्यांनी ठरवली. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी काढलेला कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्यावर काम केलेल्या जेम्स ब्रिंडलीकडे पुढे मध्य इंग्लंडमधल्या अनेक कालव्यांची आखणी आली. चढउताराच्या मुलखात बोट वर-खाली नेण्यासाठी लॉक लागतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडविटांचा हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात. ब्रिंडलीने हे हौद सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवले. हौद रुंद केला की खोदकाम वाढते, बोगदे मोठे करावे लागतात आणि दर खेपेला खर्ची पडणारे पाणीही वाढते. अरुंद लॉकमधून एक बोट उतरली तरी सुमारे एक लाख लिटर पाणी वरून खाली जाते. १७७७ मध्ये पूर्ण झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याने हे माप रूढ केले आणि आजही बोटी त्याच मापात बांधल्या जातात. उत्तरेकडच्या काही कालव्यांची लॉक रुंद आहेत, पण लांबीला आखूड. त्यामुळे ५७ फुटी बोट जवळजवळ सगळीकडे जाऊ शकते, आणि राहण्यासाठी बोट शोधणारे बहुधा याच लांबीपाशी थांबतात.

सुरुवातीला बोटवाल्यांची बिऱ्हाडे काठावर असत. रेल्वे आली, कालव्यावरच्या वाहतुकीचे दर कोसळले, आणि वेगळ्या घराचे भाडे परवडेना तेव्हा अनेकांचे संसार बायकामुलांसह बोटीवर आले. माल भरायला जागा हवी, म्हणून संसाराच्या वाट्याला मागच्या टोकाची जेमतेम दहा फूट लांबीची केबिन येई. तिच्यात कोळशाची शेगडी, खाली पाडले की टेबल होणारे कपाटाचे दार आणि रात्री आडवी टाकायची पलंगाची फळी असे. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, भिंतीवर लेसची किनार असलेल्या चिनी मातीच्या बशा. या सजावटीचे आज कौतुक होते, पण त्या केबिनमध्ये किती माणसे राहत याचा विचार केला की जीव गुदमरतो. दाटी इतकी होती की १८७७ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून बोटींची नोंदणी आणि राहणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली. पुढे ट्रकांनी माल ओढून नेला, १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिल्यावर उरलीसुरली मालवाहतूकही बहुतेक संपली.

रिकाम्या झालेल्या बोटीत हौसेने घर थाटण्याची कल्पना त्याआधीच रुजली होती. एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याने ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी बोट १९३९ मध्ये बॅनबरी इथल्या टूली यांच्या बोटकारखान्यात राहण्यासाठी सजवून घेतली. पुढची सुमारे बारा वर्षे ती त्याचे घर होती. तिच्यावरच्या प्रवासाचे त्याचे पुस्तक १९४४ मध्ये आले, आणि १९४६ मध्ये त्याने रॉबर्ट एक्मनबरोबर इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन केली. बुजवले जाणारे कितीतरी कालवे या चळवळीमुळे वाचले. केरळात भात वाहून नेणाऱ्या केट्टुवल्लमांच्या हाउसबोटी झाल्या त्या पर्यटकांसाठी. इंग्लंडमधल्या मालवाहू बोटीचे रूपांतर मात्र तिच्यात राहणाऱ्याने स्वतःसाठी सुरू केले. क्रेसीचा शेवट या विषयात लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९५१ मध्ये तपासणीत तिचे लाकूड दुरुस्तीपलीकडे कुजल्याचे दिसले आणि ती बुडवून टाकावी लागली. आतले घर चांगले असूनही बूड गेल्यामुळे बोट गेली.

आज बाजारात येणाऱ्या जुन्या बोटी दोन तऱ्हांच्या असतात. पहिल्या म्हणजे मूळच्या मालवाहू: १९२०-३० च्या दशकांत फेलोज मॉर्टन अँड क्लेटन किंवा ग्रँड युनियन कॅनाल कॅरिंग कंपनी अशांसाठी बांधलेल्या, लाकडाच्या, लोखंडाच्या किंवा लोखंडी बाजू आणि एल्म लाकडाचे बूड अशा मिश्र बांधणीच्या. त्यांच्या मालाच्या जागेवर लांब केबिन चढवून घर करता येते. पण अशी बोट म्हणजे ऐतिहासिक वस्तू आहे. तिची लांबी कापणे किंवा मूळची मागची केबिन उखडणे हे भरून न येणारे नुकसान ठरते, आणि ज्याला फक्त छप्पर हवे आहे त्याने या वाटेला जाऊ नये हे बरे. दुसऱ्या तऱ्हेच्या बोटी १९७० नंतर सहलीसाठी पोलादात बांधलेल्या. नूतनीकरण बहुतांशी याच बोटींचे होते.

पोलादी बोटीची जाडी तीन आकड्यांत सांगतात. आजच्या बोटींना १०/६/४ हे माप सर्रास असते: बूड १० मिलिमीटर, बाजू ६, केबिन ४. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक बोटींचे बूड सहाच मिलिमीटरचे आणि बाजू पाच किंवा त्याहूनही पातळ आहेत. त्यातून गंजाने किती खाल्ले हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून पैसे मोजण्याआधी बोट सुक्या गोदीत चढवून सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी लागते. तो आधी दाबाच्या पाण्याने बूड धुऊन घेतो. मग ठरावीक अंतरावर डांबराचा थर खरवडून रुपयाएवढा चकचकीत पोलादी ठिपका उघडा करतो, त्यावर जेल लावतो आणि अल्ट्रासोनिक यंत्राचे टोक टेकवतो. यंत्र ध्वनिलहरीच्या परतण्याच्या वेळेवरून जाडी दाखवते. बोटीच्या लांबीभर अशी बरीच मापे घेतली जातात, आणि जिथे गंजाचे खड्डे आहेत तिथे खड्ड्याची खोली वेगळी मोजून वजा केली जाते. पत्रा ६ मिमी भरला पण त्यात १.८ मिमीचा खड्डा असला, तर त्या जागी बोट ४.२ मिमीचीच आहे. सर्वांत जास्त झीज पाण्याच्या रेषेवर सापडते, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही सतत मिळतात; दुसरी नाजूक जागा म्हणजे बूड आणि बाजू जोडणारी कड. काही ठिकाणी नारिंगी पापुद्र्याखाली लखलखीत खड्डे दिसतात, ते जिवाणूंमुळे होणाऱ्या गंजाचे लक्षण असते. तिथे नुसते घासून रंग दिला तर जिवाणू रंगाखाली काम चालूच ठेवतात.

बरेच विमेकरी किमान ४ मिमी जाडीचा आग्रह धरतात. पत्रा त्याखाली गेला तर वरून नवा पत्रा वेल्ड करतात. यामुळे बोटीचे आयुष्य वाढते, पण काही टन वजनही वाढू शकते. ५७ फुटी बोटीवर साधारण एक टन चढले की ती इंचभर खाली बसते. बाजूंना पाडलेली सगळी भोके, म्हणजे सांडपाण्याच्या वाटा, हवेच्या जाळ्या, इंजिनाचा धूर जायची नळी, पाण्याच्या तितकीच जवळ येतात. ही भोके पाण्याच्या वर किमान दहा इंच असावीत, असे सर्वेक्षक सांगतात. म्हणून पत्रा चढवताना आतला भार कमी करण्याचा हिशेब त्याच वेळी करावा लागतो.

वेल्डिंगमुळे कामाचा क्रमही ठरतो. पत्र्याच्या आतल्या बाजूला फोम चिकटलेला असेल तर बाहेरच्या वेल्डिंगच्या उष्णतेने तो पेटू शकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यामुळे जिथे वेल्डिंग करायचे तिथले अस्तर आणि इन्सुलेशन आधी काढावे लागते. घर सजवून झाल्यावर बुडाचा दोष सापडला, तर नुकतीच बसवलेली कपाटे, फरशी आणि वायरिंग सगळे पुन्हा उचकटावे लागते. हा क्रम उलटा झाला की पैसा दुप्पट जातो. आधी बूड, मग इंजिन आणि टाक्या, मग इन्सुलेशन, मग वायरिंग आणि नळ, आणि शेवटी लाकूड.

बुडाला बाहेरून काळे डांबरी लेपन देतात. ते दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून पुन्हा द्यावे लागते. इपॉक्सीचा लेप जास्त वर्षे टिकतो, पण त्यासाठी जुने डांबर पूर्ण उतरवून पोलाद ब्लास्टिंगने स्वच्छ करावे लागते. नूतनीकरणासाठी बोट एरवीही बाहेर असते, तेव्हाच हा खर्च करणे शहाणपणाचे. शिवाय बाजूंना मॅग्नेशियमचे ठोकळे वेल्ड करतात. पाण्यात दोन वेगळे धातू विजेच्या मार्गाने जोडले गेले की त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. मॅग्नेशियम झिजते आणि पोलाद वाचते. खरा धोका धक्क्यावरच्या विजेचा. किनाऱ्यावरची वीज जोडली की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, आणि एका बोटीचे ठोकळे दुसऱ्यांच्या पोलादासाठी झिजू लागतात. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. तो गंज चढवणारा अल्प दाबाचा प्रवाह अडवतो आणि बिघाडाच्या वेळी येणारा मोठा प्रवाह जाऊ देतो. हे छोटे यंत्र नसल्यामुळे काही वर्षांत खड्डे पडलेली बुडे आढळतात.

मागच्या टोकाला दोन जागा नेहमी तपासाव्या लागतात. पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो तिथे ग्रीस भरलेली ग्लँड असते. तिच्यातून थेंब-थेंब पाणी येणे चालते, धार लागलेली चालत नाही. दुसरी जागा म्हणजे पंख्यात अडकलेला कचरा, दोर, प्लास्टिक काढण्यासाठी ठेवलेले झाकण. ते नीट आवळले नाही आणि इंजिन सुरू केले तर पंखा पाणी आतच फेकतो आणि बोट काही मिनिटांत बुडू शकते. जुनी डिझेल इंजिने, विशेषतः लिस्टर आणि बीएमसीची, दुरुस्तीला सोपी असतात. त्यातले चांगले चालणारे इंजिन निव्वळ जुने म्हणून बदलायचे कारण नसते.

बूड पक्के झाले की फरशी उचलतात. फरशीखाली भार रचलेला असतो, कारण रिकामी पोलादी बोट पाण्यावर फार उंच तरंगते आणि डोलते. यासाठी विटा, काँक्रीटच्या लाद्या किंवा लोखंडी तुकडे वापरतात. जुन्या बोटीत या विटा थेट पोलादावर टेकलेल्या आणि ओलीने भिजलेल्या आढळतात. त्यांच्याखाली बूड आतून गंजत राहते. हा भाग सर्वेक्षकालाही बाहेरून दिसत नाही. विटा काढून, बूड खरवडून, रंग देऊन, लाद्या छोट्या ठोकळ्यांवर टेकवून पुन्हा मांडल्या तर पाणी वाहून मागच्या टोकाला जमा होते. तिथे फरशीत एक झडप ठेवतात आणि तिच्यातून अधूनमधून हात घालून पाहतात. नूतनीकरणात ही झडप न विसरणे फार महत्त्वाचे, कारण टाकीची किंवा नळाची गळती पहिल्यांदा तिथेच कळते.

आता आतल्या पाण्याकडे. बंद केबिनमध्ये दोन माणसे झोपली, जेवण शिजवले, अंघोळ केली, कपडे वाळत घातले की दिवसाकाठी काही लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. गॅसही त्यात भर घालतो: एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होते. हिवाळ्यात बाहेरचे पोलाद गारठलेले असते. उबदार, दमट हवा त्याला लागली की वाफेचे पाणी होऊन पत्र्यावरून खाली ओघळते. ते अस्तरामागे साचते, लाकूड काळे पडते, गाद्यांखाली बुरशी धरते, आणि शेवटी बुडात उतरून तिथे गंज चढवते. बोट गळते आहे अशी तक्रार असते तेव्हा कित्येकदा हे घरातच तयार झालेले पाणी असते.

म्हणून इन्सुलेशनचे काम पोलाद आणि घरातली हवा यांना एकमेकांपासून तोडणे हे आहे. जुन्या बोटींत बहुधा पॉलिस्टायरीनचे तक्ते सापडतात. ते लोखंडी बरगड्यांमध्ये नीट बसत नाहीत आणि फटींतून हवा पत्र्यापर्यंत पोचते. आणखी एक खोड आहे: पीव्हीसीच्या वायरीला पॉलिस्टायरीन चिकटून राहिले तर वायरीच्या वेष्टनातला मऊपणा आणणारा घटक निघून जातो, वेष्टन कडक होते आणि तडकते. म्हणून असे तक्ते सापडले की जुने वायरिंगही संशयित धरावे. आज पॉलियुरेथेनचा फोम फवारतात. तो पत्र्यालाच चिकटतो, मध्ये हवेला जागा ठेवत नाही, आणि अडीच ते पाच सेंटिमीटर थरात चांगली ऊब धरतो. मात्र फवारणीआधी पोलाद स्वच्छ, कोरडे आणि प्राइमर लावलेले हवे. आग पसरू न देणाऱ्या प्रतीचाच फोम घ्यावा लागतो. बरगड्यांवर ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांची जाडी आधीच ठरवतात, कारण तेवढीच जागा फोमला मिळते. सेंटिमीटरभर रुंदी वाचवण्यासाठी पातळ पट्ट्या घेतल्या तर ती काटकसर पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात महागात पडते. अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या चौकटी ही उरलेली गार जागा. थंडी तोडणाऱ्या चौकटी किंवा दुहेरी काच बसवता येते. निदान चौकटीतली पाणी बाहेर जायची भोके मोकळी आणि कडेचे मॅस्टिक ताजे ठेवावे लागते.

दमट हवा बाहेर जायला वाटही हवी. छतावर पितळी टोप्यांसारखे व्हेंट असतात, दारांत खालच्या बाजूला जाळ्या असतात. थंडीत हवा येते म्हणून त्या कापड कोंबून बंद करण्याचा मोह होतो. तसे करणे जिवावर बेतू शकते, कारण त्याच केबिनमध्ये कोळसा आणि गॅस जळत असतो.

घन इंधनाची लोखंडी शेगडी हा नॅरोबोटीवर ऊब मिळवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग. तिला वीज लागत नाही, आणि रात्री बिनधुराचा कोळसा भरून हवा कमी केली की सकाळपर्यंत निखारा टिकतो. कोरडी उष्णता हवेतली ओलही कमी करते. तिच्यामागे पाण्याचा बॉयलर जोडून बोटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत रेडिएटर नेता येतात. नाहीतर शेगडीजवळ उकाडा आणि झोपायच्या जागी थंडी अशी स्थिती होते. शेगडीखाली आणि मागे न जळणारा थर, लाकडापासून पुरेसे अंतर, आणि धुराच्या नळीचा प्रत्येक सांधा हवाबंद, या गोष्टींत तडजोड नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत असलेल्या माणसांचा त्याने जीव घेतल्याच्या घटना बोटींवर घडल्या आहेत. राहण्याची सोय असलेल्या खासगी बोटींवर या वायूची सूचना देणारा अलार्म एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. डिझेलवर चालणारे हीटर सोयीचे असतात, पण त्यांना बॅटरी लागते.

गॅसच्या सिलिंडरची जागा केबिनमध्ये नसते. तो पुढच्या टोकाला वेगळ्या कप्प्यात असतो आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोके असतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळालेला गॅस बोटीच्या बुडात साचून राहतो. घराच्या दाराखालून तो निघून जाऊ शकतो, बोटीच्या बंद बुडातून नाही. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण असते. बोटीवर प्रोपेन घेतात, कारण ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, आणि प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आहे. वस्तीच्या बोटीवर गॅसची जोडणी नोंदणीकृत तंत्रज्ञानेच करायची असते.

वीज १२ व्होल्टची. दिवे, पंप, फ्रिज थेट तिच्यावर चालतात. बाकी उपकरणांसाठी इन्व्हर्टर. इतक्या कमी दाबावर प्रवाह फार मोठा होतो: दोन हजार वॅटची किटली १२ व्होल्टवरून चालवायची तर १६० अँपियरहून जास्त प्रवाह ओढला जातो. वायर बारीक असली तर ती तापते आणि लांबच्या टोकाला दाब पडतो. जुन्या बोटीत मालकांनी वेळोवेळी जोडलेल्या बारीक वायरींची गुंतवळ सापडते. ती सुधारत बसण्यापेक्षा सगळी काढून नवी घालणे स्वस्त आणि सुरक्षित. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याहून खाली उतरवल्या की लवकर मरतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या हलक्या आणि टिकाऊ, पण त्या शून्य अंशाखाली चार्ज करायच्या नसतात, आणि इंजिनाचा अल्टरनेटर त्यांच्या मागणीने तापून जळू शकतो. छतावरचे सौर पट्टे उन्हाळ्यात जवळजवळ सगळी गरज भागवतात. डिसेंबरमध्ये दिवस आठ तासांचा आणि सूर्य क्षितिजालगत, तेव्हा इंजिन चालवावेच लागते. तेही रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात, बोट बांधलेली असताना, चालवायला मनाई आहे.

पिण्याच्या पाण्याची टाकी बहुधा पुढच्या टोकाला, कालव्याकाठच्या नळांवरून भरायची. ती बोटीच्या पोलादातच घडवलेली असेल तर आतून खरवडून पिण्याच्या पाण्याला चालणारा लेप द्यावा लागतो. इंजिनाला थंड करणारे पाणी एका पिंपातल्या नळीतून फिरवून अंघोळीचे पाणी तापवतात, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी गरम पाणी फुकट मिळते. भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी कालव्यातच जाते, म्हणून साबण निवडून वापरावा लागतो. मैल्याचे तसे नाही. त्यासाठी एकतर हाताने उचलून ठरलेल्या जागी रिकामी करायची पेटी, नाहीतर फरशीखालची मोठी टाकी, जी पैसे देऊन उपसून घ्यावी लागते. तिसरा प्रकार मूत्र आणि मैला वेगळा ठेवणारा, बिनपाण्याचा. तो पाणी वाचवतो, पण मैला पूर्ण कुजवायला काही महिने आणि जागा लागते, आणि कालव्याकाठच्या कचरापेट्यांत तो टाकू दिला जात नाही. कोणता प्रकार निवडायचा हे बोट कुठे बांधली जाणार यावर ठरते.

एवढे झाले की सुतारकामाला हात घालायचा. बोट पाण्यावर असेल तर पाणसळ निरुपयोगी. बोटच तिरकी असू शकते. फरशी हीच आधाररेषा धरून गुण्याने मापे घेतात. केबिनच्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या असतात, छताला मध्ये फुगवटा असतो, त्यामुळे दुकानातले तयार कपाट कुठेच बसत नाही. पलंग चार फुटी ठेवला तर कडेने दोन फुटांची वाट राहते. बोटीच्या रुंदीत आडवा पलंग टाकला तर दोघांना ऐसपैस झोपता येते, पण सहा फुटी माणसाचे पाय भिंतीला लागतात आणि रात्री वाट बंद होते. न्हाणीघर मधोमध घेऊन त्यातूनच ये-जा ठेवली तर जागा मोठी मिळते. कडेने वाट काढली तर न्हाणीघर लहान होते, पण पाहुणा आल्यावर अडचण होत नाही. पायऱ्यांखाली, पलंगाखाली, बाकाखाली कप्पे काढावेच लागतात. दोन्ही टोकांना बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणे मात्र कप्प्यांपेक्षा महत्त्वाचे. अस्तराचे तक्ते स्क्रूने बसवले तर पुढे वायरिंग किंवा नळ पाहता येतो. चिकटवले तर दुरुस्तीसाठी फोडावे लागतात.

सगळे सामान चढल्यावर बोट एका बाजूला कललेली दिसते. स्वयंपाकघर, शेगडी आणि पुस्तकांची फळी एकाच अंगाला आली की असे होते. म्हणून फरशीच्या काही पट्ट्या शेवटपर्यंत सुट्या ठेवून, टाकी अर्धी भरून, भाराच्या लाद्या इकडून तिकडे सरकवत बोट सरळ करतात. टाकी भरलेली आणि रिकामी यांत पुढच्या टोकाची उंची काही इंचांनी बदलते, तेवढी मोकळीक गृहीत धरावी लागते.

घर तयार झाले तरी पाण्यावर राहायला परवाना लागतो. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. परवान्यासाठी विमा आणि दर चार वर्षांनी नव्याने मिळवायचे बोट सेफ्टी स्कीमचे प्रमाणपत्र हवे. गॅस, वीज, इंधन आणि शेगडी यांची तपासणी त्यात होते, बुडाच्या जाडीची होत नाही. ज्याच्याकडे बोट बांधण्याची कायमची जागा नाही त्याला १९९५ च्या कायद्यानुसार सतत प्रवासात राहावे लागते आणि एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. २०२४ पासून अशा बोटींना परवान्यावर अधिभारही आहे. कायमच्या जागेचे भाडे वेगळे, आणि अशा प्रत्येक जागेवर वस्तीला परवानगी असतेच असे नाही, म्हणून ही चौकशी बोट घेण्याआधी करावी लागते. लॉकच्या दुरुस्त्या बहुधा नोव्हेंबर ते मार्च या काळात होतात आणि त्यासाठी कालव्यांचे तुकडे आठवडेच्या आठवडे बंद असतात. फिरत्या बोटीला तेव्हा पाण्याचा नळ, मैला टाकायची जागा आणि कोळसा-डिझेल पुरवणाऱ्या फिरत्या बोटींची वाट लक्षात घेऊन हिवाळ्याचा मुक्काम ठरवावा लागतो.